गाणे गाजले आणि गुन्हाही नोंदवला गेला: तरुण रॅपरने काय करावे

२०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातील तीन तरुण रॅपर आपल्या गाण्यांमुळे आणि त्याच गाण्यांवरून नोंदवलेल्या गुन्ह्यांमुळे राज्यभर माहीत झाले. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे यांनी राज्यातील सत्तांतरावर रचलेले रॅप समाजमाध्यमांवर पसरले आणि त्यांच्या गावापासून दूर, अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात त्यांच्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला. पुढे न्यायालयाने त्यांना अटकेपासून संरक्षण दिले. मुंबईचे उमेश खाडे यांच्या राजकीय रॅपवरून वडाळा टी.टी. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पुण्यात शुभम जाधव यांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित केलेल्या व्हिडिओमध्ये पिस्तूल, तलवार आणि मद्याची बाटली दिसल्याने चतुःशृंगी पोलीस ठाण्यात प्रकरण गेले. पहिल्या दोन प्रकरणांत आक्षेप गाण्यातील शब्दांवर होता, तर तिसऱ्यात तो शब्दांबरोबरच चित्रीकरणाची जागा आणि पडद्यावर दिसणाऱ्या वस्तू यांच्यावरही होता. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात, कारण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा बचाव शब्दांना जितका उपयोगी पडतो तितका तो तलवारीला पडत नाही.

गाण्याचे श्रोते हजारांवरून लाखांवर जातात तेव्हा तक्रार करणारेही वाढतात आणि या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच आठवड्यात घडतात. त्या आठवड्यात काय करावे आणि काय टाळावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. प्रत्यक्ष प्रकरणात फौजदारी वकिलाला पर्याय नाही. मात्र वकिलाकडे कोणती कागदपत्रे घेऊन जायचे आणि त्याला काय विचारायचे, हे आधी माहीत असले पाहिजे.

गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वी

शब्द लिहून झाले की ते एकदा फिर्यादीच्या नजरेने वाचावेत. सत्ताधारी, मंत्री, आमदार, महापालिका किंवा पोलीस यंत्रणा यांच्या सार्वजनिक कृतींवर केलेली कठोर टीका आणि उपहास हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने दिलेला हक्क आहे. धोका बहुतेक वेळा पुढच्या पायरीवर येतो: टीका एखाद्या व्यक्तीच्या कारभारावरून सरकून तिची जात, धर्म, घरातील स्त्रिया यांच्यावर जाते, किंवा पैसे खाल्ल्याचा ठाम आरोप नावानिशी केला जातो आणि हाती पुरावा काहीच नसतो. जातिवाचक शब्द अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध वापरला गेला तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा प्रश्न उभा राहतो आणि त्या कायद्याच्या कलम १८ मुळे अटकपूर्व जामीन मिळणे फार अवघड होते. शिव्यांच्या बाबतीत माझे मत असे की त्यांचा वापर हा आधी रचनेचा प्रश्न आहे आणि नंतर कायद्याचा. पण लैंगिक स्वरूपाचा मजकूर ऑनलाइन टाकल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ लागू शकते आणि त्यात पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे, हे माहीत असू द्यावे. जुने ट्रॅकही विसरू नयेत. यो यो हनी सिंग यांच्याविरुद्ध नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात अश्लील गाण्यांवरून नोंदवलेले प्रकरण इतके लांबले की २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार त्यांना आवाजाचा नमुना देण्यासाठी नागपूरला यावे लागले.

व्हिडिओच्या बाबतीत नियम सोपा आहे: जी वस्तू हातात घेऊन रस्त्यावर फिरता येत नाही, ती कॅमेऱ्यासमोरही धरू नये. कोयता किंवा तलवार घेऊन केलेल्या रीलवर शस्त्र अधिनियमाचे कलम ४ सह २५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(१)(३) सह १३५ लावून गुन्हे नोंदवले जातात, आणि पुणे-पिंपरी भागातील तरुणांना हे आकडे आता तोंडपाठ असावेत. बनावट शस्त्र वापरायचे असेल तर ते बनावट असल्याचे दाखवणारी पावती आणि चित्रीकरणाच्या वेळची छायाचित्रे जपून ठेवावीत. सरकारी इमारत, विद्यापीठ, रेल्वे स्थानक किंवा किल्ला येथे चित्रीकरण करायचे असेल तर परवानगी लेखी, सही-शिक्क्याची आणि तारखेची असावी. सुरक्षारक्षकाने ‘करा’ म्हटले, ही परवानगी नव्हे.

प्रत्येक गाण्यासाठी एक फोल्डर करावे आणि त्यात शब्दांचे कच्चे मसुदे, बीट (रॅपखालचे तयार संगीत) विकत घेतल्याचा परवाना, ध्वनिमुद्रणाच्या मूळ फाइल, परवानगीची पत्रे आणि सहभागी मित्रांची लेखी संमती ठेवावी. त्याची एक प्रत स्वतःच्या फोन आणि संगणकाबाहेर, विश्वासू व्यक्तीकडे असावी. याचे कारण पुढे जप्तीच्या भागात येईल.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर

पहिला प्रश्न असा विचारावा: गुन्हा दाखल झाला आहे की फक्त अर्ज आला आहे? अर्जावरची चौकशी, अदखलपात्र नोंद म्हणजे एनसी, प्रतिबंधात्मक नोटीस आणि दाखल गुन्हा या चार वेगळ्या अवस्था आहेत, आणि घाबरलेला माणूस त्या चारही एकच समजतो. निवडणुकीच्या किंवा मोर्चाच्या काळात राजकीय गाणी करणाऱ्यांना पूर्वी ‘१४९ ची नोटीस’ मिळत असे. आता ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली मिळते. ती घेऊन तारखेसह पोच द्यावी. तिने कोणी आरोपी ठरत नाही. त्याच संहितेच्या कलम १२६ खालील ‘चॅप्टर केस’ मात्र वकिलाशिवाय हाताळू नये, कारण तिथे शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागू शकते आणि ते मोडल्यास रक्कम भरण्याची वेळ येते.

गुन्हा दाखल झाला असेल तर पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर तो शोधता येतो. मूळ एफआयआर हाती येईपर्यंत वृत्तवाहिनीवर ऐकलेल्या कलमांवर विश्वास ठेवू नये.

एफआयआर कसा वाचावा

या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. त्यावर एक संध्याकाळ खर्च करावी, कारण बचाव कलमांच्या यादीतून उभा राहतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. गाण्यांच्या प्रकरणांत वारंवार येणारी जुनी कलमे आता अशी वाचावीत: दोन गटांत वैर वाढवणे हे १५३-अ चे १९६ झाले, धार्मिक भावना दुखावणे हे २९५-अ चे २९९, शांतताभंग व्हावा म्हणून अपमान करणे हे ५०४ चे ३५२, द्वेष किंवा घबराट पसरवणारे विधान हे ५०५ चे ३५३, आणि बदनामीची ४९९ ते ५०२ ही कलमे एकट्या ३५६ मध्ये आली. यांतील ३५२ आणि ३५६ ही अदखलपात्र आहेत. केवळ त्यांच्या जोरावर पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत किंवा वॉरंटविना अटक करू शकत नाहीत, आणि बदनामीसाठी तर बाधित व्यक्तीने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद करावी लागते. १९६, २९९ आणि ३५३(२) ही मात्र दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. म्हणून राजकीय रॅपच्या एफआयआरमध्ये जुन्या ५०५(२) चा किंवा नव्या ३५३(२) चा उल्लेख दिसतो तेव्हा पोलिसांचे अटकेचे अधिकार त्या एका आकड्यातून आलेले असतात. मुंगासे आणि खाडे या दोघांच्या प्रकरणांतही ५०५(२) लावले गेले होते.

त्या कलमाची कसोटी कोणती? धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात किंवा समाज यांच्या आधारे वेगवेगळ्या गटांमध्ये द्वेष किंवा वैर निर्माण होणे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बिलाल अहमद कालू प्रकरणात स्पष्ट केले की यासाठी किमान दोन गट गुंतलेले असावे लागतात. एकाच गटाच्या भावना दुखावल्या म्हणून हा गुन्हा घडत नाही. राजकीय पक्ष फोडून सत्तेवर आलेल्यांची खिल्ली उडवणाऱ्या गाण्यात असे दोन धार्मिक किंवा जातीय गट कुठे आहेत, हा प्रश्न वकिलाने पहिल्याच अर्जात विचारला पाहिजे. राजकीय पक्ष म्हणजे जात नव्हे.

यापुढचे दोन निकाल अशा प्रत्येक रॅपरने आपल्या वकिलाला आठवण करून द्यावेत. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन प्राध्यापकावर व्हॉट्सअॅप स्टेटसवरून हातकणंगले पोलीस ठाण्यात नोंदवलेला १५३-अ चा गुन्हा रद्द केला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधी तो रद्द करण्यास नकार दिला होता. २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्याविरुद्ध एका कवितेवरून जामनगरमध्ये नोंदवलेला गुन्हाही त्याच न्यायालयाने रद्द केला. दोन्ही खंडपीठांवर न्या. अभय ओक होते. शब्दांचा परिणाम ठरवताना विवेकी, खंबीर आणि धैर्यवान माणसाचे माप लावावे, जिथे तिथे धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसाचे नव्हे, हे तत्त्व दोन्ही निकालांत आहे, आणि त्याचे मूळ १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी दिलेल्या निकालात सापडते. विदर्भातील रॅपर्सना याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

प्रतापगढी निकालाचा व्यावहारिक उपयोग आणखी मोठा आहे. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे, आणि बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांवरून तक्रार असेल तेव्हा गुन्हा नोंदवण्यापूर्वी हा मार्ग वापरणे योग्य ठरते, असे न्यायालयाने सांगितले. तक्रार अर्जाच्या पातळीवर असतानाच वकिलामार्फत या चौकशीची लेखी मागणी करावी. शिवाय १९६, २९९ आणि ३५३ या कलमांखाली न्यायालयाला खटल्याची दखल घ्यायची असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ नुसार सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. दोषारोपपत्रासोबत ती जोडलेली आहे का, हे तपासून घ्यावे.

एकाच गाण्यावरून तीन जिल्ह्यांत तीन गुन्हे नोंदवले गेले तर तीन ठिकाणी धावत बसू नये. एकाच घटनेवर अनेक एफआयआर चालू शकत नाहीत हे तत्त्व २००१ पासून स्थिरावलेले आहे, आणि राज्यांतर्गत गुन्ह्यांसाठी त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जाता येते. गुन्हा दुसऱ्या राज्यात असेल तर आपल्या राज्यातील न्यायालयाकडून मर्यादित काळासाठी प्रवासी अटकपूर्व जामीन मिळू शकतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली आहे.

नोटीस, अटक आणि जामीन

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सहसा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे पूर्वीच्या ‘४१-अ’ ची, नोटीस द्यावी आणि आरोपी हजर राहत असेल तर कारणे नोंदवल्याशिवाय त्याला अटक करू नये. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे. तरीही मोबाइलवर नोटीस आली म्हणून गप्प बसणे शहाणपणाचे नाही. ती वकिलाला दाखवून, हजर राहण्याची तारीख लेखी कळवून, ठरल्या वेळी जावे आणि हजेरीची पोच मागावी.

अजामीनपात्र कलम असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज याच संहितेच्या कलम ४८२ खाली, गुन्हा जिथे नोंदवला त्या भागाच्या सत्र न्यायालयात करावा. संभाजीनगरच्या मुलावर अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला की वकीलही ठाणे जिल्ह्यातला लागतो, म्हणून घरच्यांनी त्या दिशेने पहिला फोन करावा. अंतरिम संरक्षण मिळेपर्यंत फोन बंद करून गायब होणे टाळावे. न्यायालय पळून जाण्याची शक्यता पाहते, आणि ‘आरोपी मिळून येत नाही’ या तपास अधिकाऱ्याच्या एका वाक्याने चांगला अर्ज कमजोर होतो. जामीनदार कोण असेल हे आधीच ठरवून त्याचे आधारपत्र, शिधापत्रिका आणि पगारपत्रक किंवा सातबारा तयार ठेवावा. ते जमेपर्यंत रोख जामिनाची विनंती करता येते. अटक झालीच तर कारणे लेखी आणि समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत, नातेवाइकांना कळवले गेले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले गेले पाहिजे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तिथून वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

वय १८ पेक्षा कमी असेल तर यातील बहुतेक चौकट बदलते: प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. पालकांनी मुलाच्या समर्थनासाठीसुद्धा त्याच्या नावाने व्हिडिओ टाकू नयेत.

चौकशीत नाव, पत्ता आणि ओळख सांगावी. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या कलम २०(३) मुळे कोणावर करता येत नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. सही मागितली तर नम्रपणे वकिलाला बोलावण्याची विनंती करावी. फोन किंवा हार्ड डिस्क घेतली गेली तर पंचनाम्याची प्रत, उपकरणाचा आयएमईआय किंवा अनुक्रमांक आणि शक्य असल्यास हॅश व्हॅल्यू (आतला डेटा नंतर बदलला का हे ओळखण्याचा संकेतांक) मागावी. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे त्याच संहितेच्या कलम १०५ ने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. पासवर्ड द्यावा की नाही यावर न्यायालयांचे एकमत नसल्याने तो प्रश्न वकिलावर सोपवावा. उपकरण परत मिळवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पण त्याला महिने लागू शकतात, आणि नवी गाणी त्यातच अडकलेली असतात. म्हणून आधी सांगितलेली बाहेरची प्रत.

लोकांसमोर बोलताना

याच दिवसांत वाहिन्यांचे फोन येतात, पक्षांचे कार्यकर्ते घरी येऊन पाठीशी असल्याचे सांगतात आणि अनुयायी लाइव्ह येण्याचा आग्रह धरतात. मदत जरूर घ्यावी, पण वकील कोणाचा आणि त्याची फी कोण देणार हे स्पष्ट विचारावे. पक्षाने दिलेला वकील पक्षाला सोयीची भूमिका घेऊ शकतो. एकच लिखित निवेदन द्यावे: गाणे कशाबद्दल आहे, तपासात सहकार्य करणार आहे, प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने अधिक बोलणार नाही. तक्रारदाराचे नाव, छायाचित्र किंवा पत्ता अनुयायांपुढे टाकणे हा नवा गुन्हा ओढवून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे आणि जामीन रद्द करण्याचे कारणही. गाणे काढून टाकावे का? ते पुसू नये; वकिलाने सांगितल्यास ‘खासगी’ करावे. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ आरोपापेक्षा जड ठरू शकतो.

गाण्याचा खटला आणि वर्तनाचा खटला अनुयायांनी एकत्र केले तरी कलावंताने ते करू नयेत. केरळचे रॅपर वेडन यांनी जातिभेदावरील गाण्यांतून मोठा श्रोतृवर्ग मिळवला. एप्रिल २०२५ मध्ये कोचीतील सदनिकेत गांजा सापडल्याने आणि लगेच बिबट्याच्या दाताचे लॉकेट गळ्यात असल्याच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि जामीन मिळाला. त्यांना लक्ष्य केले जात आहे का, यावर तिथे मोठी चर्चा झाली. ती चर्चा सार्वजनिक जीवनात आवश्यकच आहे. न्यायालयात मात्र अमली पदार्थांचा कायदा वस्तू आणि वजन विचारतो, आणि वन्यजीव संरक्षण कायदा दात कोणाचा ते विचारतो.

करार आणि दौरे

गुन्ह्याच्या बातमीनंतर कंपन्यांचे प्रस्ताव थांबत नाहीत. कित्येकदा ते वाढतात. करारातील दोन कलमे नीट वाचावीत. एकात गाण्यामुळे उद्भवणारा सर्व कायदेशीर खर्च कलावंताने सोसावा असे लिहिलेले असते. त्यात ‘कंपनीने मंजूर केलेल्या मजकुराचा खर्च कंपनी सोसेल’ अशी भर मागावी. दुसऱ्यात केवळ गुन्हा दाखल झाल्यावर करार रद्द करण्याचा अधिकार कंपनी राखते. तिथे ‘दोषसिद्धीनंतर’ असा बदल मागावा, निदान दोषारोपपत्रापर्यंत तरी थांबण्याची अट घालावी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतरणाचा काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. अडचणीच्या काळात वकिलाच्या फीसाठी आगाऊ रक्कम घेऊन सगळी गाणी कायमची लिहून देणारे तरुण कमी नाहीत. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळात अवैध असतो.

तपासाअंती पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात किंवा समरी अहवाल देतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. ब समरी म्हणजे फिर्याद खोटी. क समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून दिलेली फिर्याद. अहवाल पोलिसांनी पाठवला म्हणजे प्रकरण संपले असे नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो स्वीकारावा लागतो. त्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी.

परदेशातील महाराष्ट्र मंडळाचे किंवा महोत्सवाचे निमंत्रण आले तर जामिनाच्या आदेशात देश सोडण्यावर अट आहे का ते आधी पाहावे आणि असल्यास न्यायालयात परवानगीचा अर्ज तिकिटे काढण्यापूर्वी करावा. फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) खाली पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाच्या परवानगीने तो मर्यादित मुदतीसाठी मिळतो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या अर्जात प्रकरणाची माहिती लपवू नये, कारण ती लपवणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. न्यायालयाचा परवानगी आदेश, वकिलाचे पत्र आणि कार्यक्रमाचे निमंत्रण यांच्या प्रती अर्जासोबत जोडाव्यात आणि विमानतळावर हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.